खुणेपर्यंत भरलेलं पिंप

१

चोरी झाली आहे हे मला पटवून द्यायला नोर्माला अर्धा तास लागला, कारण पिंप भरलेलं होतं.

“तेच तर सांगतेय, तुल्लियो,” ती म्हणाली. “भरलेलं आहे. पार खुणेपर्यंत. सप्टेंबर महिन्यात.”

आम्ही तिच्या माळ्यावर उभे होतो. कौलांखाली माणूस शिजून निघेल इतकं गरम होतं. व्हिनेगरला हेच हवं असतं, मला नको होतं. पोलिसांतून मार्शल म्हणून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. गुडघे कुरकुरतात. नोर्मा बेर्गोन्झिनी माझी मावसबहीण नसती तर त्या एकोणीस पायऱ्या मी चढलोच नसतो.

इटलीत, आमच्या मोदेनाकडे घरात मुलगी जन्मली की माळ्यावर पाच पिंपांची ओळ मांडतात. पहिलं सगळ्यात मोठं, पुढचं त्याहून लहान, असं करत शेवटचं मांडीवर मावेल एवढं. दर जानेवारीत त्या लहान पिंपातून थोडं व्हिनेगर काढायचं. जेवढं उणं झालं तेवढं शेजारच्या मोठ्यातून भरायचं, ते त्याच्या शेजारच्यातून, आणि शेवटी सगळ्यात मोठ्यात नवा आटवलेला द्राक्षरस ओतायचा. मुलगी लग्नाची होईपर्यंत लहान पिंपात जे जमतं ते काळं, घट्ट आणि चमच्याने मोजून वाढायचं असतं. उन्हाळ्यात व्हिनेगर उडून प्रत्येक पिंप बोटभर खाली जातं, ती कौलांची दक्षिणा. म्हणून सप्टेंबरात खुणेपर्यंत भरलेलं पिंप म्हणजे कुणीतरी हात घातलेलं पिंप. एवढं मलाही कळत होतं.

हे पिंप नोर्माच्या मुलीचं होतं, देल्फिनाचं, एकोणतीस वर्षांचं. रविवारी चाखणारे पंच येणार होते, म्हणून नोर्माने त्या बुधवारी सकाळी ते उघडलं होतं.

“आणि आता वास घे,” तिने चमचा माझ्या नाकाखाली धरला.

मी तिच्याकडे बघत राहिलो.

“अगं बाई, हो,” ती म्हणाली. “विसरलेच.”

दोन वर्षांपूर्वी सायकलवरून पडून माझं डोकं दगडावर आपटलं. डोकं सांधलं, वास गेला आणि वासाबरोबर चव गेली. सगळ्या पंचक्रोशीला हे ठाऊक आहे. तरी सगळी पंचक्रोशी मला रोज काहीतरी हुंगायला आणि चाखायला देते. आमच्या भागात दुसऱ्या कशावर कुणाला बोलताच येत नाही. तक्रार हरवलेल्या गाढवाची असली तरी सुरुवात कालच्या जेवणापासून होते. या प्रकाराचा मला किती वैताग येतो हे मी सांगत बसत नाही, पुढे दिसेलच.

“मग तूच सांग कसला वास येतोय,” मी म्हणालो.

“जिनचा,” नोर्मा म्हणाली. “कुणीतरी देल्फिनाचं व्हिनेगर काढून नेलं आणि खाली बाजारातलं दीड दमडीचं व्हिनेगर नि जिन ओतून पिंप भरलं. आणि या घरात जिनची बाटली एकाच खोलीत आहे.”

२

ती खोली हाल्डोरा नावाच्या पाहुणीची होती. नोर्मा प्रवाशांना चार खोल्या देते. सकाळी पाव आणि पार्मिजानो चीज, दुपारी जेवण, आणि माळ्याची एक फेरी फुकट.

हाल्डोरा आइसलँडची, साठीची, दातांची डॉक्टर. ती अंगणात बाकावर बसली होती. पायांत नवेकोरे तपकिरी बूट होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. नोर्माने तिची बॅग अंगणातल्या टेबलावर उलटी केली होती.

“तुला हा अधिकार कुणी दिला?” मी नोर्माला विचारलं.

“माझं घर आहे.”

“घर तुझं आहे, बॅग तिची आहे. सगळं परत आत ठेव.”

नोर्माने कपडे बॅगेत कोंबले. त्यात पाच छोट्या बाटल्या होत्या. मी एकेक उघडून सवयीने नाकाशी नेली आणि स्वतःवरच चिडलो. मग बोट बुडवून बघितलं. तीन तेलाच्या होत्या, दोन अत्तराच्या. व्हिनेगर एकीतही नव्हतं. जिनची बाटली अर्धी रिकामी होती.

“अर्धी कुठे गेली?” मी विचारलं.

“माझ्या पोटात, मार्शलसाहेब,” हाल्डोरा म्हणाली. तिचं बोलणं शिकवणीत शिकल्यासारखं होतं, एकेक शब्द धुऊन ठेवलेला. “विमानतळावर घेतली होती. इथली वाइन मिळाल्यापासून तिला हात लावलेला नाही. तुमच्या देशात येऊन जिन कोण पिईल?”

“सोमवारी तू माळ्यावर एकटी होतीस.”

“दहा मिनिटं. बाईंना फोन आला, त्या खाली गेल्या. मी चित्र काढत होते.” तिने वही पुढे केली. वहीत सगळं होतं. तिचे बूट शिवणाऱ्या म्हाताऱ्याचे हात, फ्लोरेन्सच्या दुकानातला हातमोजे ताणायचा लाकडी चिमटा, कार्पीत घेतलेल्या लोकरी जाकिटाची वीण, कुठल्या गावात कोणती वाइन कशाबरोबर प्यायली त्याची यादी. “नऊ वर्षं या प्रवासाची वाट बघितली. माझ्या गावात बाजारात एकच चीज मिळतं, तेही पिवळ्या रबरासारखं. इथे माणसं एका गाठीवर भांडतात, एका टाक्यावर रुसतात. मला ते फार आवडलं. कालपर्यंत.”

“तुझी गाडी कधी आहे?”

“शुक्रवारी सकाळी. पण बाई म्हणतात, उद्या दुपारी बारा वाजता पोलिसांत तक्रार करणार.” तिने वही मिटली. “आमच्या गावात नऊशे माणसं आहेत आणि दातांची डॉक्टर मी एकटी. चोरीची तक्रार झाली एवढी बातमी पोचली तरी पुरे. लोक माझ्यासमोर तोंड उघडतील का?”

नोर्मा दारातून म्हणाली, “नाकाने कांदे सोलतेय बघ.”

“नोर्मा, उद्या बारापर्यंत तू फोनला हात लावणार नाहीस,” मी म्हणालो. “मी शोधून देतो.”

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की चोरी वासाची आहे आणि मला नाक नाही.

३

आधी जिनचा निकाल लावायचं ठरवलं. चाखता येत नसलं तरी बघता येतं. मी चमचाभर व्हिनेगर पांढऱ्या बशीत घेतलं आणि बशी तिरकी केली. ते काकवीसारखं सावकाश सरकलं. जिन आणि बाजारचं पातळ व्हिनेगर लीटरभर घातलं असतं तर ते पाण्यासारखं पळालं असतं. म्हणजे पिंपात जे घातलं होतं तेही जुनं आणि घट्टच होतं. नोर्माला हे सांगितलं तर म्हणाली, “तुला काय कळतंय, तुला तर वाससुद्धा येत नाही.”

मग माणसं धरली. माळ्याची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीवर असते, ती कुणीही घेऊ शकतं. गेल्या आठवड्यात घरात ये-जा होती ती नोर्मा, देल्फिना, वाइन घेऊन येणारा शेजारी प्रीमो लुली, आणि अमिल्कारे यांची. अमिल्कारे पंचाहत्तरीचे, एक्केचाळीस वर्षं बेर्गोन्झिनींची पिंपं राखणारे. नोर्माचे वडील गेले तेव्हा माळा त्यांच्याच हाती सोपवून गेले.

देल्फिना कार्पीला विणकामाच्या कारखान्यात नमुने काढते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा गळ्यात मापाची फीत तशीच होती.

“माझंच व्हिनेगर मी कशाला चोरू, मामा?” ती म्हणाली. “ऑक्टोबरात लग्न झालं की ओळ माझ्याचकडे येणार आहे.”

“तुला ती नकोय असं ऐकलं.”

“तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाच पिंपं कुठे ठेवू? आईला म्हटलं, इथेच राहू दे, अमिल्कारेकाका बघतील. त्यावर आई तीन दिवस बोलली नाही.” ती हसली. “काका मात्र खूश झाले. हल्ली फार मऊ झालेत ते. पूर्वी आईच्या हातचं काहीही खाल्लं तरी ‘मीठ कमी’ किंवा ‘मीठ जास्त’. आता ताट समोर आलं की ‘वा, काय सुरेख झालंय’. परवा तर सूपमध्ये मीठच घातलं नव्हतं, तरी वा.”

“म्हातारपणी माणूस निवळतो.”

“तुम्ही नाही निवळलात.”

प्रीमो लुलीचा मळा शेजारीच आहे. त्याचंही व्हिनेगर आहे. गेली सतरा वर्षं पंच नोर्माला त्याच्याहून दोन-तीन गुण जास्त देतात. त्याने मला बसवलं, लाल फेसाळ लाम्ब्रुस्को वाइन ओतली, रश्श्यातल्या तोर्तेल्लिनीची, सारण भरलेल्या पिठाच्या गोळ्यांची थाळी पुढे केली आणि डोळे मिटून रश्श्याचं वर्णन सुरू केलं.

“प्रीमो, मला चव लागत नाही.”

“अरे हो. पण बघ तरी, कोंबडी म्हातारी होती.”

“सोमवारी तू माळ्यावर गेला होतास का?”

“वाइनच्या पेट्या खाली ठेवल्या आणि निघालो. नोर्माने माझ्यावर संशय घेतला का? बरं वाटलं. म्हणजे ती अजून मला मोजते.” त्याने पेला ठेवला. “हे बघ, मार्शल. मी चोरलं असतं तर पिंप रिकामं ठेवलं असतं, वर झाकणाचा दगडसुद्धा उलटा ठेवला असता. तिला कळायला नको का? चोरून वर पिंप भरून ठेवणारा चोर कसला? तो तर गडीमाणूस झाला.”

मी त्या थाळीकडे बघत होतो. वाफ दिसत होती आणि बाकी काहीच नव्हतं. पण प्रीमोचं बोलणं डोक्यात राहिलं. नोर्माने लहान पिंप पाहिलं, देल्फिनाची बाकीची चार पाहिली. ती चारही बोटभर उणी होती, जशी असायला हवीत तशी. म्हणजे भर बाहेरून आली, असं ती म्हणाली. पण माळ्यावर देल्फिनाची एकटीचीच ओळ नव्हती.

४

गुरुवारी सकाळी सात वाजता मी हाल्डोराला घेऊन माळ्यावर गेलो.

“चोराला घेऊन वर जातोयस,” नोर्मा मागून म्हणाली.

“नाक घेऊन जातोय,” मी म्हणालो.

नोर्माने एप्रिलमध्ये माळ्यावरची मांडणी बदलली होती. पाहुण्यांना फिरायला वाट हवी आणि फोटो काढायला काहीतरी हवं म्हणून तिने सगळ्या ओळींची लहान पिंपं दारापाशी एका टेबलावर मांडली, प्रत्येकावर नावाची पाटी. उरलेल्या ओळी सरकवल्या. नोर्माच्या आईची, एर्मिनियाची ओळ आता खिडकीपाशी होती, आणि खिडकीपाशी जन्मापासून असलेली देल्फिनाची ओळ समोरच्या भिंतीला गेली होती. मोठ्या पिंपांना पाट्या नव्हत्या. ज्याला हुंगता येतं त्याला पाटी कशाला, असं नोर्मा म्हणाली होती, तेही माझ्या तोंडावर.

“एकेकाच्या तोंडावरचं फडकं उचल आणि काय वास येतो ते सांग,” मी हाल्डोराला म्हणालो.

ती भिंतीकडच्या ओळीपाशी गेली. “हे चेरीचं लाकूड असावं. गोड आहे. हे चेस्टनट.” मग खिडकीपाशी आली, टोकाच्या सगळ्यात लहान पिंपावरचं फडकं उचललं आणि झटकन मागे झाली. “हे काय आहे?”

“काय झालं?”

“जिन,” ती म्हणाली. “म्हणजे जिनमध्ये असतं ते फळ. जुनिपर. पण किती तीव्र. डोळ्यांत पाणी आलं.”

एर्मिनियाच्या ओळीत लहान पिंपाच्या शेजारचं पिंप जुनिपरच्या लाकडाचं होतं. हे मला चाळीस वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. चिडून मी स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. आम्ही दिवसभर बाटलीच्या मागे होतो आणि वास लाकडाचा होता.

मग मी मापाची काठी घेतली आणि एर्मिनियाच्या ओळीत एकेक पिंप मोजलं. जुनिपरचं पिंप खुणेपर्यंत भरलेलं. त्याच्या शेजारचं खुणेपर्यंत भरलेलं. त्याच्या शेजारचंही. आणि शेवटचं, सगळ्यात मोठं, चार बोटं खाली.

“याचा अर्थ काय?” हाल्डोराने विचारलं.

“कुणीतरी देल्फिनाचं लहान पिंप जुनिपरमधून भरलं. मग जुनिपरचं उणं झालं ते त्याच्या शेजारच्यातून भरलं, ते त्याच्या शेजारच्यातून. मोठ्यात ओतायला नवा रस नव्हता, द्राक्षं अजून वेलीवर आहेत, म्हणून ते उणंच राहिलं.” मी काठी पुसली. “चोराला कुणी बघत नव्हतं. तो तसाच पळू शकला असता. पण पिंप उणं ठेवून जाणं त्याला जमलं नाही.”

“मग तो चोर मी नाही.”

“तू नाहीस. प्रीमोही नाही. हे करणारा या माळ्यावर वाढलेला माणूस आहे.” हे बोलताना मला आनंद व्हायला हवा होता. पण गाठ सुटायच्या ऐवजी आवळली होती. या माळ्यावर वाढलेला कुठलाही माणूस जुनिपरचं फडकं उचलून त्यातून चेरीच्या जागी भरणार नाही. ती चूक या घरात कुणाच्या हातून होणं शक्यच नव्हतं, म्हणून तर नोर्माच्याही मनात जुनिपरचं पिंप आलं नव्हतं.

५

आदल्या दिवशी प्रीमोकडून निघाल्यावर मी अमिल्कारेंकडे गेलो होतो. ते आता सांगतो, कारण तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

ते अंगणाच्या टोकाला दोन खोल्यांत राहतात. चुलीवर पोलेंताचं, मक्याच्या पिठाच्या घाट्याचं पातेलं होतं. आम्ही चुलीकडे पाठ करून बसलो. म्हातारा हातांकडे बघत बोलत होता.

“माळ्यावर कुणी गेलेलं दिसलं का?” मी विचारलं.

“मी रोज सकाळी जातो. मी सोडून कुणी नाही.”

“नोर्माने ओळी हलवल्या त्या आवडल्या का?”

“मला विचारलं कुठे? मी एप्रिलमध्ये तीन आठवडे तापाने पडलो होतो. उठून वर गेलो तर सगळं इकडचं तिकडे. पाहुण्यांसाठी म्हणे.” त्यांनी मान वर केली. “त्या बाईला खरंच पोलिसांत देणार आहेत?”

“उद्या बारा वाजता.”

“चांगली बाई आहे. तिने मला पिंपाच्या लोखंडी पट्ट्या कशा ठोकतात ते विचारलं. तासभर ऐकत बसली.”

इतक्यात दार धाडकन उघडलं आणि देल्फिना आत आली. तिने गळ्यातला रुमाल नाकाला लावला होता. “घर जाळताय का दोघं? अंगणापर्यंत करपट वास येतोय.” तिने पातेलं उचलून बाहेर नेलं. पोलेंता काळी ठिक्कर पडली होती.

मी तिची माफी मागितली. माझ्यासारख्या माणसाला चुलीजवळ बसवू नये असंही म्हणालो. अमिल्कारेंनी उठून खिडकी उघडली. मी शरमेने निघून आलो. माझ्या नाकाचीच मला इतकी लाज वाटत होती की दुसरं काही सुचलं नाही.

गुरुवारी सकाळी माळ्यावर, हातात काठी घेऊन उभा असताना ते सुचलं. पोलेंता करपली ते मला कळलं नाही हे ठीक. त्यांना का कळलं नाही?

मग बाकीचं आपोआप लागत गेलं. बिनमिठाच्या सूपला ‘वा’ म्हणणारा माणूस मी रोज आरशात बघतो. आधी समोरच्याचा चेहरा बघायचा, तो खूश दिसला की आपणही मान डोलवायची. एप्रिलमधला ताप. तापातून उठून माळ्यावर आलेला, वास गेलेला राखणदार, आणि त्याच आठवड्यात जागा बदललेल्या ओळी. लहान पिंपावर पाटी होती, ते चुकलं नाही. पण ते भरायला तो वळला तेव्हा पाय सवयीने खिडकीकडे गेले. तिथे एकोणतीस वर्षं देल्फिनाचं चेरीचं पिंप होतं. फडकं उचलल्यावर नाकाने हात मागे खेचायला हवा होता. नाक काहीच बोललं नाही.

घड्याळात साडेनऊ वाजले होते.

६

अमिल्कारे तुतीच्या झाडाखाली पिंपाची पट्टी घासत होते. मी शेजारी बसलो. कसं बोलावं ते सुचेना, म्हणून जे होतं ते बोललो.

“अमिल्कारे, एप्रिलपासून का?”

त्यांनी पट्टी घासणं थांबवलं नाही. “कुणी सांगितलं?”

“पोलेंताने.”

“आधी वाटलं सर्दी आहे,” ते म्हणाले. “मे महिन्यात वाटलं, उन्हाळा लागला की जाईल. डॉक्टर म्हणाला, येईल किंवा येणार नाही. असलं कसलं उत्तर, मार्शलसाहेब? माझ्या हातून आजवर एक थेंबही घरी गेलेला नाही. पण मला वाटलं, नाक जागं करायचं तर या घरात त्याहून जुनं, त्याहून जोरकस काही नाही. त्याने जागं झालं नाही तर कशानेच होणार नाही. म्हणून रोज सकाळी वर जाऊन एक चमचा घेत होतो. जिभेवर ठेवून बसायचो.”

“रोज?”

“रोज. आज येईल, उद्या येईल. दीडशेच्या आसपास चमचे झाले असतील. मग पंच येणार असं कळलं. पिंप उणं दिसेल म्हणून शनिवारी भरलं. हात खुणेपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही, सवय आहे. चुकीच्या पिंपातून भरलं हे मला काल दुपारी नोर्माच्या ओरडण्यावरून कळलं.” त्यांनी पट्टी खाली ठेवली. “जुनिपर. लहान पोरालासुद्धा कळतं.”

“मग कालच का बोलला नाहीत?”

“बोललो तर उद्यापासून मी कोण? वास न येणारा राखणदार?”

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत इतका राग कुणाचाच आला नव्हता, नोर्माचासुद्धा नाही. आणि तो राग त्यांचा होता की माझा स्वतःचा ते कळत नव्हतं. मी दोन वर्षं सगळ्या गावासमोर बिनचवीचा म्हणून हिंडतोय, हा माणूस पाच महिने ते लपवून बसला होता आणि त्याच्यापायी एक परकी बाई चोर ठरत होती.

“तुम्ही गप्प बसलात तर ती कोण, ते सांगू?” मी म्हणालो. “तिच्या गावात नऊशे माणसं आहेत. मी जाऊन नोर्माला सांगू शकतो. पण तुम्ही सांगावं.”

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “चला,” म्हणाले.

नोर्मा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, फोन समोर ठेवून. देल्फिनाने सुट्टी घेतली होती. हाल्डोरा खिडकीपाशी उभी होती, बॅग भरून. अमिल्कारेंनी टोपी काढून हातात धरली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. चमचे, शनिवार, जुनिपर. शेवटी म्हणाले, “बाईंचा काही संबंध नाही. मला कालच बोलायला हवं होतं.”

नोर्मा आधी चिडली. तिला दुसरं येतच नाही. “दीडशे चमचे? देल्फिनाचे?”

“हो.”

“आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. एक्केचाळीस वर्षांत मी तुमच्यापासून काय लपवलं? नवरा सोडून गेला तेव्हा आधी तुम्हाला सांगितलं होतं, आईला नंतर.”

“काय सांगणार होतो, नोर्मा? व्हिनेगर राखणाऱ्याला वास येत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?”

देल्फिना उठून त्यांच्यापाशी गेली. “काका, दीडशेपैकी एकदा तरी आला का?”

“नाही गं,” ते म्हणाले. “आंबटसुद्धा नीट कळलं नाही.”

नोर्मा खुर्ची मागे सारून उठली आणि हाल्डोरासमोर जाऊन उभी राहिली. पन्नास वर्षांत तिने कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती, आणि जमलीही नाही तिला. “मी तुझी बॅग उलटी केली,” ती म्हणाली. “ते चुकलं. मी तुला चोर म्हटलं, तेही चुकलं.” हाल्डोराने मान हलवली. ती रडत होती, आणि रडताना एकेक शब्द धुऊन बोलणं तिला जमेना.

अमिल्कारेंनी माळ्याची किल्ली टेबलावर ठेवली. नोर्माने ती उचलून देल्फिनाच्या हातात दिली.

“रविवारी पंच नकोत. मी फोन करते,” ती म्हणाली. “पिंपातला जुनिपर मुरायला दहा-बारा हिवाळे जातील. देल्फिना, दर शनिवारी तू इथे यायचंस. वास तू घ्यायचास. भरायचं अमिल्कारेंनी, तू सांगशील त्या पिंपातून.” मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “बसा आता. जेवायला वाढते. आणि वा म्हणू नका.”

ते बसले. मीही बसलो. जेवणात काय होतं ते मला आठवत नाही, आणि आठवूनही उपयोग नसता.

शुक्रवारी सकाळी हाल्डोराला न्यायला गाडी आली. तिने सगळ्यांशी हात मिळवला. अमिल्कारेंचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली की तुमच्याबद्दल मी घरी कुणाला काही सांगणार नाही, पट्ट्या कशा ठोकतात ते मात्र सांगेन. गाडी वळणाआड गेली. नोर्मा आत गेली. आम्ही दोघंच रस्त्यावर उरलो.

“मार्शलसाहेब,” अमिल्कारे म्हणाले. “तुम्हाला किती झालं?”

“दोन वर्षं चार महिने.”

“आणि तुम्ही काय करता?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. “सकाळी उठल्याबरोबर कॉफीचा डबा उघडतो,” मी म्हणालो. “नाक आत घालून उभा राहतो.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी मान डोलवली. “मग थांबायचं कधी?”

“ठाऊक नाही,” मी म्हणालो. “मी अजून थांबलेलो नाही.”